तळहातावर लिहिलेला आकडा: ग्राफेस्थेशियाची चाचणी नीट कशी करावी

पेशंटने डोळे मिटले, तुम्ही पेनाच्या टोपणाने त्याच्या तळहातावर एक आकडा काढला, "काय लिहिलं?" असं विचारलं, उत्तर चुकलं आणि केसपेपरवर "ग्राफेस्थेशिया इम्पेअर्ड" अशी नोंद झाली. सगळं मिळून वीस सेकंद. वॉर्डात ही चाचणी बहुतेक वेळा अशीच होते, आणि अशी केलेली चाचणी पेशंटच्या मेंदूबद्दल काहीही सांगत नाही. आकडा त्याच्या बाजूने उलटा पडला असेल. त्याच्या मनात वेगळ्या लिपीतले आकडे असतील. बोटांचा साधा स्पर्शच गेला असेल. किंवा आपल्याला नेमकं काय विचारलं हेच त्याला कळलं नसेल.

त्वचेवर काढलेली खूण न बघता ओळखण्याची क्षमता म्हणजे ग्राफेस्थेशिया. ती हरवली की ॲग्राफेस्थेशिया. त्वचेवरच्या स्पर्शाचा संदेश मज्जारज्जूच्या मागच्या भागातून, म्हणजे डॉर्सल कॉलममधून, वर चढतो, मेंदूच्या खोडात बाजू बदलतो आणि थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या केंद्रामार्गे विरुद्ध बाजूच्या परायटल लोबमध्ये, म्हणजे मेंदूच्या वरच्या-मागच्या भागात, पोचतो. एकामागून एक आलेल्या स्पर्शाच्या बिंदूंचा तिथे एक आकार जुळतो. मग त्या आकाराला नाव मिळतं, आणि ते नाव तोंडातून बाहेर येतं. या वाटेवर कुठेही काही अडलं तरी उत्तर चुकतं. परायटल लोबबद्दल बोलायचं असेल तर बाकीच्या सगळ्या शक्यता आधी बाजूला करायला हव्यात. चाचणीचं निम्म्याहून जास्त काम पहिली रेघ ओढण्याआधीचं आहे ते यामुळेच.

पुढचे टप्पे फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि मेडिसिनच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. क्रम बदलू नका. आधीच्या टप्प्यात जे सापडतं त्यावर पुढचा टप्पा करायचा की नाही हे ठरतं.

टप्पा १: साधी संवेदना आधी तपासा

कापसाचा हलका स्पर्श, टोचणी, १२८ हर्ट्झच्या ट्युनिंग फोर्कचं कंपन आणि बोटाच्या शेवटच्या सांध्याची जाण (बोट वर वळवलं की खाली हे न बघता कळणं), या चार गोष्टी दोन्ही हातांवर तपासून तुलना करा. सांध्याची जाण तपासताना बोट दोन्ही कडांनी धरा. वरून-खालून धरलं तर दाबावरूनच पेशंटला दिशा कळते.

इथे नेहमीची चूक अशी की "हाताची संवेदना ठीक" एवढंच बघितलं जातं. तुम्ही जिथे लिहिणार आहात, नेमक्या त्याच जागेची संवेदना बघा. मनगटात मीडियन नर्व्ह दाबली गेली असेल तर अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर असतं, पण करंगळी व्यवस्थित असते. अशा पेशंटच्या करंगळीवर कापूस लावून "स्पर्श नॉर्मल" लिहायचं आणि तर्जनीच्या टोकावर आकडा काढायचा, याला तपासणी म्हणता येणार नाही.

तळहात डोळ्यांनीही नीट बघा. जाड घट्टे, सूज, जखमेचा व्रण, भेगा, ओलसरपणा. हात गार असतील तर आधी ऊब द्या. गार बोटांना स्पर्श कमी कळतो.

सावधान: हाताला, चेहऱ्याला किंवा एका बाजूला बधिरपणा आत्ता, अचानक आला असेल, सोबत तोंड वाकडं झालं असेल, बोलणं अडखळत असेल किंवा हातपाय लुळा पडला असेल, तर ही चाचणी करत बसू नका. तो स्ट्रोक असू शकतो. पेशंटला ताबडतोब तातडीच्या विभागात पोचवा.

तपासून घ्या: हलका स्पर्श स्पष्टपणे कमी आहे का? असेल तर इथेच थांबा आणि "प्राथमिक संवेदना कमी, त्यामुळे ग्राफेस्थेशियाचा अर्थ लावता येत नाही" अशी नोंद करा. ही नोंद अपुरी वाटली तरी खरी असते. संवेदना अगदी थोडी कमी वाटत असेल तर मी चाचणी करते, पण त्या निकालावरून मेंदूच्या कॉर्टेक्सबद्दल, म्हणजे बाहेरच्या थराबद्दल, एक अक्षर लिहीत नाही.

टप्पा २: पेशंट उत्तर देऊ शकतो ना, ते बघा

संवेदना शाबूत असूनही उत्तर चुकण्याची कारणं बरीच असतात: ऐकू न येणं, लक्ष न टिकणं, अफेझिया (मेंदूच्या इजेमुळे भाषा बिघडणं), आकडेच न ओळखणं. शेवटचं कारण शाळेत न गेलेल्या माणसाच्या बाबतीत असतंच, पण ते नव्याने आलेलंही असू शकतं. डाव्या परायटल लोबच्या इजेत आकड्यांची समजच बिघडू शकते. त्या पेशंटला हातावरचा ५ ओळखू येत नाही आणि कागदावरचाही येत नाही.

म्हणून वापरणार असलेल्या खुणा एका जाड कार्डावर मोठ्या काढा आणि पेशंटच्या समोर धरा. "यातला पाच कुठला? बोट ठेवून दाखवा." मग उलट विचारा, एकेका खुणेवर बोट ठेवून "हे काय?" दोन्ही जमलं तर तोंडी उत्तर चालेल. नाव घेता येत नाही पण बोट ठेवता येतं, तर पूर्ण चाचणी कार्डावरच करा. दोन्ही जमत नसेल तर आकडे सोडून साधे आकार घ्या. तेही कार्डावर ओळखता येत नसतील तर ही चाचणी या पेशंटसाठी नाही.

लक्ष टिकतं का हे बघायला चार-पाच अंक सावकाश सांगून परत म्हणायला लावा. गुंगीत असलेल्या किंवा नुकत्याच फिटच्या झटक्यातून सावरत असलेल्या पेशंटची चाचणी दुसऱ्या दिवसावर टाका.

टप्पा ३: खुणांचा संच ठरवा

सर्वात जास्त गोंधळ इथे होतो, आणि मराठी पेशंटच्या बाबतीत तर जास्तच. इंग्रजी पुस्तकांत "सहा आणि नऊ एकत्र वापरू नका" असा सल्ला असतो. तो इंग्रजी आकड्यांसाठी बरोबर आहे. मराठी आकड्यांच्या अडचणी वेगळ्या आहेत आणि त्या पुस्तकांत त्या येणार नाहीत.

आपले ३ आणि ६ जवळजवळ एकमेकांची आरशातली रूपं आहेत. ते एका संचात आले की डावं-उजवं जरा इकडचं तिकडे झालं तरी उत्तर बदलतं. दुसरी अडचण लिपीची. मराठी ४ हा हाताला इंग्रजी आठसारखा लागतो. मराठी १ इंग्रजी नऊच्या जवळ जातो. मराठी ५ घाईत काढला तर उघड्या तोंडाच्या इंग्रजी चारसारखा लागतो. आणि पेशंट कुठल्या लिपीत विचार करतोय हे तुम्हाला दिसत नाही. मोबाइल, घड्याळ आणि नोटांवर इंग्रजी आकडे रोज वाचणारा माणूस मराठी बोलत असला तरी डोळे मिटल्यावर इंग्रजी आकडेच धरून बसतो. तुम्ही ४ काढला, त्याने "आठ" सांगितलं, आणि आकार त्याने अचूक ओळखलेला असूनही तुम्ही चूक मोजली.

उपाय साधा आहे. "घरी हिशेब लिहिताना आकडे कसे काढता? इथे लिहून दाखवा," असं म्हणून कागद पुढे करा. जी लिपी त्याच्या हातातून उतरेल ती वापरा. हात चालत नसेल तर दोन्ही लिप्यांतले आकडे दाखवून विचारा.

मराठी आकडे घ्यायचे ठरलं तर माझा संच ०, ३, ५, ८ असा असतो. एक बंद गोल, एक दोन पोटांचा, एक वर वाटी आणि खाली दांडी असलेला, एक एकाच वळणाचा. चौघांचं वळण वेगवेगळं आहे आणि हात न उचलता काढता येतं. ४ आणि ८ एकत्र ठेवू नका. मधेच इंग्रजीकडे वळलेल्या पेशंटचा प्रत्येक ४ "आठ" होतो आणि तुम्हाला ते कळतही नाही. २ आणि ३ची सुरुवात सारखीच असते, त्यामुळे ती जोडीही टाळा. इंग्रजी आकड्यांसाठी तयार उदाहरण आहे: हालस्टेड-रायटन या न्यूरोसायकॉलॉजीच्या चाचणीसंचात बोटांच्या टोकांवर ३, ४, ५ आणि ६ हे चारच आकडे लिहितात, प्रत्येक बोटावर चार वेळा, म्हणजे हाताला २० प्रयत्न. लहान मुलांच्या आवृत्तीत आकडे काढून टाकून फक्त फुली आणि गोल ठेवले आहेत.

अक्षर-ओळख नसलेल्या मोठ्या माणसांसाठी गोल, फुली, उभी रेघ आणि आडवी रेघ घ्या. त्रिकोण आणि चौकोन कागदावर वेगळे दिसतात, पण त्वचेवर कोपरे बोथट होतात आणि दोन्ही गोलाशी मिसळतात.

मराठी अक्षरं शक्यतो वापरू नका. शिरोरेघ हातावर इतकी ठळक लागते की खालचा आकार तिच्यात हरवतो, आणि शिरोरेघ गाळली तर अक्षर ओळखीचं राहत नाही.

तपासून घ्या: संचात चार खुणा आहेत, चारही पेशंटने कार्डावर ओळखल्या आहेत, आणि तुम्ही दोघं एकाच लिपीबद्दल बोलताय.

टप्पा ४: कुठे बसायचं, आकडा कुठल्या दिशेने काढायचा

शिकत असताना मी एका आजोबांच्या डाव्या आणि उजव्या दोन्ही तळहातांवर समोर बसून आकडे काढले. दहापैकी दोनच बरोबर आले. मी "दोन्ही बाजूंना ॲग्राफेस्थेशिया" लिहिलं. दुसऱ्या दिवशी आमच्या मॅडम त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या, तेच आकडे काढले, आणि आजोबांनी एकही चुकवला नाही. मी समोर बसून माझ्या बाजूने सरळ काढलेला प्रत्येक आकडा त्यांच्यासाठी डोक्यावर उभा होता. ३ असा उलटला की जवळपास ६ लागतो. आजोबा जे जाणवत होतं ते अगदी बरोबर सांगत होते. तेव्हापासून मी समोर बसून ही चाचणी केलेली नाही.

तर, पेशंटच्या शेजारी बसा, दोघांची तोंडं एकाच दिशेला. त्याचा हात टेबलावर किंवा उशीवर पूर्ण टेकलेला, तळवा वर, बोटं त्याच्यापासून लांबच्या दिशेला. आकड्याचं डोकं बोटांकडे, पाय मनगटाकडे. हा नियम दोन्ही हातांना सारखाच लागू. डावा हात म्हणून आकडा आरशासारखा फिरवायचा नाही.

पलंगाच्या अडचणीमुळे समोरच बसावं लागलं तर आकडा उलटा काढण्याचा आधी कागदावर सराव करा. आयत्या वेळी मनात उलटवून काढलेला आकडा वाकडा होतो आणि प्रत्येक वेळी वेगळा होतो.

पक्षाघातानंतर हात आखडलेला असेल आणि तळवा वर होत नसेल तर जबरदस्ती करू नका. दोन्ही हात पालथे ठेवून हाताच्या पाठीवर लिहा. एक हात उताणा आणि दुसरा पालथा ठेवून केलेली तुलना ग्राह्य नाही, कारण हाताची ठेवण बदलली की माणूस आकडा कुठल्या बाजूने "वाचतो" तेही बदलू शकतं.

सावधान: कपाळ आणि पोट टाळा. तिथे काही माणसं आकडा समोरच्याच्या नजरेने वाचतात, तर काही आतून बाहेर बघावं तसा, म्हणजे आरशातल्यासारखा. दोन्ही वाचनं निरोगी माणसांत आढळतात. चेहऱ्यावर तपासणं भागच असेल तर डावं-उजवं उलटलं तरी न बदलणाऱ्या खुणा घ्या: गोल, फुली, उभी रेघ, आडवी रेघ.

टप्पा ५: साधन, आकार, दाब, वेग

बोथट, गुळगुळीत टोकाचं काहीही चालेल. टोपण लावलेलं पेन, कान साफ करायच्या काडीचं मागचं टोक, बोथट प्लास्टिकची काडी. टाचणी किंवा बॉलपेनचं उघडं टोक नको. शाईची रेघ राहिली तर डोळे किलकिले करणाऱ्या पेशंटला उत्तर आयतंच मिळतं.

आकडा किती मोठा हवा हे जागेवर ठरतं. मोठ्या माणसाच्या बोटाच्या टोकावर साधारण २ ते ४ मिलिमीटर अंतरावरचे दोन बिंदू वेगळे कळतात, तळहातावर ८ ते १२ मिलिमीटर लागतात, आणि पाठीवर अंतर कित्येक सेंटिमीटरपर्यंत जातं. म्हणून बोटाच्या टोकावर सुमारे १ सेंटिमीटर उंचीचा आकडा पुरतो, पण तळहातावर तो तळवा बहुतेक भरेल इतका मोठा हवा. पायावर किंवा पोटरीवर त्याहून मोठा. तळहाताच्या मध्यावर काढलेला इवलासा आकडा निरोगी माणसालाही नुसता ठिपका वाटतो.

दाब असा हवा की त्वचा किंचित दबेल, पण पांढरी पडणार नाही. फार हलक्या हाताने गुदगुल्या होतात आणि आकार निसटतो. फार जोरात दाबलं तर हात आत ओढला जातो. काहींच्या त्वचेवर साध्या ओरखड्यानेही रेघ फुगून वर येते. आधी मनगटाच्या आत एक रेघ ओढून काही मिनिटं थांबा. फुगली तर लिहून झाल्यावर पेशंटला हाताकडे बघू देऊ नका.

वेग: एक आकडा साधारण दोन सेकंदांत, एकसारखा, मध्ये न थांबता, टोक न उचलता. फुली काढताना टोक उचलावंच लागतं. ते प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी उचला. आकड्याचं वळण पेशंट जसं काढतो तसंच ठेवा. टप्पा ३मध्ये त्याच्याकडून लिहून घेतलेला कागद इथे उपयोगी पडतो: ८ वरून खाली काढतो का, ५ची सुरुवात कुठून करतो. पुस्तकातल्या छापील आकड्यापेक्षा त्याच्या हाताचा आकडा त्याच्या ओळखीचा असतो.

टप्पा ६: क्रम आधीच कागदावर लिहा

मनात येईल तसे आकडे काढू नका. आपण नकळत एकच आकडा दोनदा लागोपाठ काढणं टाळतो, आणि हुशार पेशंटला ते लवकर उमगतं. चिठ्ठ्या टाकून किंवा पत्त्यांसारखी चार कार्डं पिसून प्रत्येक हातासाठी १० खुणांची यादी करा. लागोपाठ तीच खूण आली तरी तशीच ठेवा. दोन्ही हातांच्या याद्या वेगळ्या असू द्या.

दहाच का? चार खुणांत नुसत्या अंदाजानेही दहापैकी सरासरी अडीच उत्तरं बरोबर येतात. केवळ नशिबाने दहापैकी सहा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता मात्र १००मध्ये २च्या आसपास राहते. दोन-तीन प्रयत्नांवर असं काहीच म्हणता येत नाही. आणि संचात दोनच खुणा असतील, जशा लहान मुलांसाठी, तर नुसत्या अंदाजाने पाच बरोबर येतील. तिथे दहापैकी आठसुद्धा १००मध्ये पाचेक वेळा नशिबाने जमून जातं. दोन खुणांच्या संचाला म्हणूनच २० प्रयत्न द्या.

टप्पा ७: डोळे उघडे ठेवून सराव

हा टप्पा गाळून वाचवलेला वेळ पुढे सगळा फुकट जातो. आधी चांगल्या हातावर, पेशंट बघत असताना, चारही खुणा एकेकदा काढा आणि नाव सांगा.

सूचना साध्या शब्दांत द्या: "मी तुमच्या हातावर या कार्डावरच्या चार खुणांपैकी एक काढणार आहे. काढून झाली की मी पेन उचलीन. मग तुम्ही ती कुठली ते सांगा. नक्की कळलं नाही तर अंदाजाने सांगा, पण काहीतरी सांगा." मुलांशी बोलताना: "तुझ्या हातावर मी चित्र काढते, तू डोळे मिटून ओळख."

आता चांगल्या हातावरच डोळे मिटून चार प्रयत्न. इथे चूक झाली तर डोळे उघडून दाखवा, समजावून सांगा. चाचणी अजून सुरू झालेली नाही, त्यामुळे शिकवायला हरकत नाही.

तपासून घ्या: चांगल्या हातावर चारपैकी किमान तीन आले का? नसतील तर दुसऱ्या हाताकडे जाऊ नका. मागे जा: लिपी, दिशा, आकार, सूचना. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

टप्पा ८: प्रत्यक्ष चाचणी

मूल डोळे मिटून ठेवत नसेल किंवा मोठ्या माणसाच्या पापण्या नीट मिटत नसतील तर हातावर पुठ्ठ्याचा आडोसा धरा. डोळ्यांवर पट्टी बांधलेली काहींना घाबरवते.

हातांचा क्रम असा ठेवा: चांगल्या हातावर पाच, बाधित हातावर पाच, पुन्हा बाधित हातावर पाच, शेवटी चांगल्या हातावर पाच. एका हाताचे दहाच्या दहा आधी उरकले तर थकवा सगळा दुसऱ्या हाताच्या वाट्याला येतो आणि दोन बाजूंतला फरक खोटा दिसतो.

प्रत्येक प्रयत्नाचा क्रम ठरलेला: "आता" म्हणा, आकडा काढा, टोक उचला, उत्तराची वाट बघा, लिहून घ्या. मग पाटी पुसावी तसा आपला पंजा त्याच्या तळव्यावरून एकदा फिरवा आणि दोन-तीन सेकंद थांबा. आधीच्या आकड्याची जाणीव त्वचेवर रेंगाळते. पुसलं नाही तर दोन आकडे एकमेकांत मिसळतात.

"बरोबर", "छान", "अं हं" यातलं काहीही म्हणू नका. प्रत्येक उत्तरानंतर एकच वाक्य, एकाच सुरात: "ठीक, पुढचा." चूक झाल्यावर आपण नकळत जरा जास्त थांबतो, आणि ते थांबणं पेशंटला ऐकू येतं.

पेशंटने "परत काढा" म्हटलं तर एकदा काढा आणि नोंदीत "पुन्हा" असं लिहा. "कळलं नाही" म्हणाला तर अंदाज सांगायला लावा. अंदाज न घेता ते उत्तर चूक धरलं तर संकोची माणसाचे गुण बोलक्या माणसापेक्षा कमी येतात, आणि त्याचा परायटल लोबशी काही संबंध नसतो.

पेशंट आपली बोटं मिटून पेनाला हात लावत असेल किंवा हात हलवत असेल तर थांबवा. हालचालीने आकार ओळखणं ही वेगळी गोष्ट झाली.

टप्पा ९: बाधित हातावर चुकलं तर लगेच करायच्या चार गोष्टी

एक, दिशा. बोटाच्या टोकावर किंवा तळहातावर सरळ छोटी रेघ ओढा आणि "वर गेली की खाली?" एवढंच विचारा, दहा वेळा. इथे आकडे, लिपी, शिक्षण काहीच आड येत नाही. दिशाही कळत नसेल तर डॉर्सल कॉलमकडे पुन्हा लक्ष द्या आणि कंपन व सांध्याची जाण परत तपासा. दिशा अचूक, पण आकार नाही, तर अडचण वरच्या पातळीवर असण्याची शक्यता वाढते.

दोन, स्टिरिओग्नोसिस, म्हणजे वस्तू न बघता हाताने ओळखणं. डोळे मिटून हातात किल्ली, नाणं, बटण द्या आणि ओळखायला सांगा. हात लुळा असेल तर वस्तू तुम्ही त्याच्या बोटांत फिरवा.

तीन, दोन्ही हातांना एकाच वेळी स्पर्श. एकेकटा स्पर्श कळतो पण एकाच वेळी केला की एका बाजूचा हरवतो, याला एक्स्टिंक्शन म्हणतात. हे असेल तर त्या बाजूकडे लक्षच जात नसल्यामुळे आकडे चुकत असू शकतात.

चार, आणि ही सर्रास राहून जाते: चुका फक्त डाव्या हातावर असतील तर तोंडी उत्तर न घेता पेशंटला डाव्या हातानेच कार्डावर बोट ठेवायला सांगा. उजव्या हाताने लिहिणाऱ्या बहुतेकांची भाषा डाव्या मेंदूत असते. डाव्या हाताचा स्पर्श उजव्या मेंदूत पोचतो आणि त्याला नाव मिळण्यासाठी कॉर्पस कॅलोसम हा दोन मेंदूंमधला पूल ओलांडावा लागतो. पूल तुटलेला असेल तर नाव सांगता येत नाही, पण डावा हात बरोबर खुणेवर बोट ठेवतो. तोंडी उत्तरांवरच थांबलात तर यालाही तुम्ही उजव्या परायटल लोबची इजा म्हणून मोकळे व्हाल.

टप्पा १०: निकालाचा अर्थ

साधी संवेदना दोन्ही हातांत चांगली, एका हातावर आठ-नऊ आणि दुसऱ्यावर दोन-तीन, सोबत स्टिरिओग्नोसिसही त्याच बाजूला बिघडलेलं: हे विरुद्ध बाजूच्या परायटल लोबकडे बोट दाखवतं. स्ट्रोक, गाठ, मार अशी कारणं असू शकतात. एकाच हाताचा ताठरपणा आणि अवघडलेपणा हळूहळू वाढत असेल तर कॉर्टिकोबेसल सिंड्रोम हा मेंदूच्या झिजेचा आजारही ध्यानात ठेवावा. त्यातही ही क्षमता बिघडलेली मिळते.

दोन्ही हातांवर वाईट निकाल आला तर माझी पहिली शंका चाचणीवरच असते. टप्पे २, ३ आणि ४ दुसऱ्या दिवशी नव्याने करा. तरीही तसंच राहिलं तर दोन्ही बाजूंचा न्यूरोपॅथीसारखा नसांचा आजार, मज्जारज्जूचा आजार किंवा अल्झायमरसारखा स्मृती व आकलनावर परिणाम करणारा आजार यांचा विचार येतो. काही मानसिक आजारांतही ही क्षमता थोडी कमी आढळते. वयानुसार बोटांची स्पर्शाची बारकाई घटते, तेव्हा ८० वर्षांच्या माणसाच्या हाताची तुलना त्याच्याच दुसऱ्या हाताशी करा, तुमच्या स्वतःच्या हाताशी नको.

चुका कशा आहेत तेही वाचा. प्रत्येक वेळी "आठ" हेच उत्तर येत असेल तर पेशंट एकाच उत्तरात अडकला आहे. संचात नसलेले आकडे येत असतील तर सूचना पोचली नाही किंवा लिपी बदलली. कधी बरोबर, कधी चूक आणि शेवटच्या पाचात जास्त चुका असतील तर तो थकवा आहे.

या एका चाचणीवर निदान करायचं नाही. ती बाकीच्या तपासणीला आणि गरजेप्रमाणे स्कॅनला जोडून वाचायची.

टप्पा ११: नोंद

"इम्पेअर्ड", "निगेटिव्ह", "ॲब्सेंट" हे शब्द पुढच्या तपासणाऱ्याला निरुपयोगी आहेत. महिन्याभराने पेशंट सुधारला की नाही हे त्याला बघायचं असेल तर त्याला तीच चाचणी तशीच करता आली पाहिजे. म्हणून लिपी, संच, जागा, हाताची ठेवण, तपासणाऱ्याची बसण्याची बाजू, प्रयत्नांची संख्या आणि चुकलेली उत्तरं लिहा. माझ्या वहीतली नोंद अशी असते:

"स्पर्श, टोचणी, कंपन, सांध्याची जाण: दोन्ही तळहातांवर व बोटांवर समान, शाबूत. लिपी मराठी, संच ० ३ ५ ८, कार्डावर चारही ओळखले. तपासणारी शेजारी, हात उताणे, आकड्याचं डोकं बोटांकडे, तळहात. तोंडी उत्तर. उजवा ९/१०. डावा ३/१०, एकदा पुन्हा काढला. चुका: ३ला ८ तीनदा, ५ला ० दोनदा, ०ला ८ दोनदा. डाव्या हाताने कार्डावर बोट ठेवून: ३/१०, फरक नाही. डाव्या तर्जनीवर रेघेची दिशा १०/१०. डाव्या हातात किल्ली व बटण ओळखता आलं नाही, नाणं आलं. एक्स्टिंक्शन नाही. वेळ सकाळी, पेशंट जागा, लक्ष टिकून."